सालईवाडीची भिंत सुस्थितीत

२३ जून २०२५, सोमवार

शाळा उघडल्या. खताच्या दुकानातून मिळालेली डायरी सहा महिने कोरी पडली होती, आजपासून लिहिणार. डॉक्टर म्हणाले बी.पी. वाढलंय, राग आत ठेवू नका. बाहेर काढायला माणूस नाही, म्हणून डायरी. पहिल्या पानावर नाव टाकलं: हिंमतराव, केंद्रप्रमुख, काटखेड केंद्र. जिल्हा परिषदेच्या शाळा आठ. शिक्षक पाहिजेत तेवीस, आहेत सोळा. मागच्या वर्षीचं अनुदान अर्धंच आलं आणि आता वरून पत्र, की शाळा आनंददायी करा. कशाने करा?

संकल्प. यंदा गटशिक्षणाधिकारी साहेबांना तोंडावर सांगायचं, पैसे द्या, मग आनंद मागा. आपलं केंद्र जिल्ह्यात 'आदर्श केंद्र' करून दाखवायचं. चहा बिनसाखरेचा.

प्रवेशोत्सवाला सालईवाडीला गेलो. सोनाळ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. तिथली दुसऱ्या शिक्षकाची जागा दोन वर्षं रिकामी, कौसर मॅडम एकट्याच पहिली ते पाचवी सांभाळतात. पोरं एकोणीस. मी गुलाब हातात घेऊन उभा, फोटो निघणार, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, सर, आधी मागची भिंत बघून घ्या. तडा. बोट जाईल एवढा. अशा शुभ दिवशी तडा दाखवतात! मी त्यांना दृष्टिकोन सकारात्मक ठेवायला सांगितलं.

फोटो चांगला आला. तडा आला नाही फोटोत.

९ जुलै, बुधवार

तालुक्याला मीटिंग. सकाळी आंघोळ करताना भाषण पाठ केलं. साहेब, आठपैकी पाच शाळांची वीज तोडलीय. दारावर 'डिजिटल शाळा' रंगवलंय आणि आत टीव्हीवर चादर टाकून ठेवलीय. शिक्षक खिशातून खडू आणतात. तुम्हाला लाज कशी वाटत नाही?

शेवटचं वाक्य थोडं सौम्य करायचं ठरवलं. बसमध्ये आणखी थोडं सौम्य केलं.

साहेबांनी विचारलं, काटखेड केंद्र, काही अडचण? मी म्हणालो, नाही साहेब, सगळं छान. कारण साहेबांना सर्दी होती. आजारी माणसावर ओरडणं आपल्या संस्कारात नाही.

परतताना काटखेडच्या शाळेत शिरलो. पाण्याच्या टाकीवर झाकण नव्हतं. मुख्याध्यापकांना अर्धा तास झापलं. हलकं वाटलं. बी.पी. बहुधा उतरलं असावं.

घरी बायकोला, शालूबाईला, सगळं सांगितलं, अगदी साहेबांना सांगायचं होतं तसंच. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "तुमी घरी बोलता तसं तिथं बोलत जा ना." या बाईला ऑफिसचं राजकारण कळत नाही.

२२ जुलै, मंगळवार

चार दिवस पावसाची झड. कौसर मॅडमचा लेखी अर्ज आला. तडा वाढला, स्लॅबचे पोपडे पडतात, इमारत धोकादायक घोषित करून दुरुस्तीचा प्रस्ताव पुढे पाठवावा. सोबत फोटो सहा. मॅडमना फोटो काढायला वेळ मिळतो!

डोक्यात तिडीक गेली. प्रस्ताव पुढे पाठवला तर केंद्राचा भौतिक सुविधांचा स्कोअर खाली येतो. स्कोअर खाली म्हणजे आदर्श केंद्र गेलं. एका भिंतीपायी आठ शाळांचं नुकसान करायचं? आणि पैसे येणार आहेत का? माझ्या नोकरीत दुरुस्तीचे असे किती प्रस्ताव वर गेले, त्यातला एकही पैसे घेऊन खाली आलेला नाही. हा माझा अनुभव आहे, आणि अनुभव मॅडमना नाही.

अर्ज कपाटात ठेवला. विचाराधीन.

१ ऑगस्ट, शुक्रवार

हद्द झाली. मॅडमनी न विचारता शाळा हलवली! पोरं, फळा, खिचडीची भांडी, सगळं उचललं आणि फकीर मोहम्मदच्या कापसाच्या खोलीत वर्ग सुरू केला. फकीर मोहम्मद म्हणजे सालईवाडीतला कास्तकार, त्याची नात मलिहा पाचवीत आहे. कोणत्या नियमाने? कोणत्या आदेशाने?

गाडी काढली, गेलो. पावसात भिजलो, त्याचा राग वेगळा. मॅडमना म्हणालो, आत्ताच्या आत्ता पोरांना शाळेच्या इमारतीत बसवा. त्या शांत होत्या. म्हणाल्या, "सर, लेखी द्या. लगेच बसवते."

लेखी देणारच होतो. पण पॅड आणलं नव्हतं. फकीर मोहम्मदने कागद देऊ केला, तो रेघांचा होता. शासकीय आदेश रेघांच्या कागदावर देत नाहीत.

चहा घेतला तिथेच. साखर दोन चमचे. राग आला की साखर कमी पडते.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

सालईवाडीला झेंडावंदन. वीज नाही म्हणून माईक नाही. घसा ताणून पंचवीस मिनिटं केंद्राची प्रगती सांगितली. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष पंजाबराव मध्येच उठले. सगळ्या गावासमोर म्हणाले, "हिंमतराव, थ्या भितीचं काय झालं? अर्ज कुठी गेला आमचा?"

मी सांगितलं, प्रक्रिया चालू आहे. हे खोटं नाही. विचार ही पण प्रक्रियाच असते.

मलिहाने भाषण केलं, न अडखळता. विषय, माझी शाळा. तिने शाळेच्या खोलीबद्दल 'होती' म्हटलं, 'आहे' म्हटलं नाही. हे कुणी शिकवलं ते मला समजतं.

२५ ऑगस्ट, सोमवार

ऑनलाइन माहिती भरायची शेवटची तारीख. आठही शाळांची माझ्याच लॉगिनवरून. सर्व्हर दिवसभर गोल गोल फिरत होता. मी कॉम्प्युटरला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सालईवाडी, वर्गखोलीची स्थिती. पर्याय तीन: सुस्थितीत, दुरुस्ती आवश्यक, धोकादायक. 'दुरुस्ती आवश्यक' वर बोट ठेवलं की आणखी चार पानं उघडतात. इंजिनिअरचा दाखला मागतात. मोजमाप मागतात. इंजिनिअर तालुक्याला एक, तो कुणाचा फोन उचलत नाही. हा राग कुणावर काढायचा?

'सुस्थितीत' भरलं. एका क्लिकमध्ये पान हिरवं झालं. तसंही पोरं तिथे बसत नाहीत. रिकामी खोली धोकादायक असून कुणाला धोका? तर्काने पाहिलं तर सुस्थितीतच.

केंद्र शंभर टक्के हिरवं. तालुक्यात पहिलं. साहेबांनी ग्रुपवर अंगठा टाकला.

१६ सप्टेंबर, मंगळवार

सालईवाडीची भिंत पडली. सकाळी अकरा चाळीसला. स्लॅबचा कोपरा घेऊन पडली.

आत कुणी नव्हतं.

१७ सप्टेंबर, बुधवार

काल एवढंच लिहवलं.

भयंकर चिडलो आहे. भिंतीवर. ठेकेदारावर, जो बारा वर्षांपूर्वीच मेला. ज्या कुणी त्या रेतीला रेती म्हटलं त्याच्यावर.

पंचनाम्याला गेलो. अख्खं गाव जमलेलं. कौसर मॅडमनी ढिगाऱ्यातली एक जागा दाखवली. म्हणाल्या, "इथे दुसरीची मुलं बसायची. सर, इथे एक मिनिट उभे राहा."

उभा राहिलो. पायाखाली स्लॅबचा तुकडा, चौरंगाएवढा, त्यातून गज बाहेर आलेले. मॅडम घड्याळ बघत होत्या. मिनिट पूर्ण झालं नाही. मला धुळीचा त्रास आहे.

त्यांचा स्वर उद्धट होता. केंद्रप्रमुखाला असं उभं करतात का? याची नोंद घेतली पाहिजे. ही घेतली.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

साहेबांनी अहवाल मागवला. आज पहिल्यांदा त्यांचा आवाज बारीक वाटला. विचारत होते, हिंमतराव, पोरं बाहेर कशी होती? वर काय कळवू?

रागारागात लिहायला बसलो, पण भाषा आपोआप सुंदर होत गेली. 'संभाव्य धोका ओळखून केंद्रस्तरावरून विद्यार्थ्यांची पर्यायी बैठक व्यवस्था ऑगस्टमध्येच करण्यात आली होती.' केंद्रस्तर म्हणजे मॅडमही केंद्रातल्याच. वाक्यात कुठेही असत्य नाही.

शालूबाईने वाचलं. चष्मा काढून ठेवला आणि भाजी निवडायला गेली. बायको बोलत नाही याचाही राग येतो, हे आज कळलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

दिवाळीनंतर केंद्राचा दौरा. अनुदानाचा पत्ता नाही. सहा शाळांत खिचडीचं इंधन शिक्षकांनी भरलं. एका गुरुजींनी विचारलं, सर, हे परत मिळेल का? मी त्यांना त्यागाबद्दल चार शब्द सांगितले. त्यांनी पाचवा ऐकून घेतला नाही.

सालईवाडीत कापूस निघाला. वाटलं, आता फकीर मोहम्मद खोली मागणार आणि मॅडमची फजिती होणार. आपण सांगितलं होतं. गेलो तर पोरं तिथेच बसलेली, पाढे चालू. कापूस कुठे? फकीर मोहम्मदने घरातली पुढची खोली छतापर्यंत कापसाने भरलीय आणि स्वतः ओट्यावर झोपतोय. वय सत्तर. थंडी पडायला लागलीय.

मी म्हणालो, फकीरभाई, हे बरोबर नाही. तो म्हणाला, "कापसाले भित नसली तं चालते सायेब. लेकराइले नाही चालत."

माझ्याकडे बघून म्हणाला नाही. तरी मला राग आला. असलं बोलायची गरज नव्हती.

१२ डिसेंबर, शुक्रवार

विजय! काटखेडच्या पोरींनी मागच्या आठवड्यात तालुक्यात कबड्डी जिंकली. जिल्ह्याला जायचं तर गाडीला पैसे नव्हते. मी मागणीपत्र तयार केलं, कडक भाषेत. साहेबांना पाठवण्याआधी दोन शब्द बदलले, मग बाकीचे. शेवटी उरलं ते अभिनंदनपत्र.

पोरी कापूस घेऊन मलकापूरला निघालेल्या एका मेटॅडोरमध्ये अर्ध्या वाटेपर्यंत गेल्या, पुढे एस.टी.ने. सेमीफायनलला हरल्या. हरणारच. अंगात कापूस आणि पोटात शिळी पोळी. मला इतका राग आला की त्यांच्या क्रीडाशिक्षकाला बोललो. भाडं त्यानेच भरलं होतं, हे नंतर कळलं. आता बोललेलं परत घेता येत नाही.

२६ जानेवारी २०२६, सोमवार

तालुक्याच्या कार्यक्रमात माझा सत्कार. प्रशस्तिपत्र: 'प्रसंगावधान राखून विद्यार्थ्यांचे प्राण वाचवल्याबद्दल.' शाल, नारळ. टाळ्या.

कौसर मॅडम तिसऱ्या रांगेत होत्या. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. मोजून तीन. मी मोजल्या.

पत्र भिंतीवर लावायला सांगितलं. शालूबाई म्हणाली, खिळा नाही. घरात खिळ्यांचा डबा आहे, मी स्वतः पाहिलाय.

५ फेब्रुवारी, गुरुवार

दुरुस्ती आणि नव्या खोल्यांची यादी आली. आमच्या तालुक्यातल्या अकरा शाळा. सालईवाडी नाही!

रक्त उसळलं. ज्या शाळेची भिंत पेपरात आली ती यादीत नाही? सरळ तालुक्याला गेलो. आज कुणालाच सोडणार नव्हतो. साहेब दौऱ्यावर. मग क्लार्कला धरलं. तो शांतपणे कॉम्प्युटरवर बोट फिरवत म्हणाला, सर, तुमच्या शाळेची खोली सुस्थितीत आहे. ऑगस्टची नोंद. यादी नोंदीवरून निघते. मी म्हणालो, अहो, ती पडली! तो म्हणाला, नोंद नाही पडली ना सर.

मग त्याने उपाय सांगितला. पुरवणी यादी आहे, ३१ मार्चच्या आत. केंद्रप्रमुखाचं एक पत्र लागेल, की ऑगस्टची नोंद चुकीची होती आणि ती त्यांनी केली.

म्हणजे अर्ज जुलैत आला होता, हेही निघणार. म्हणजे प्रशस्तिपत्र…

विचाराधीन.

१२ मार्च, गुरुवार

पंजाबराव घरी आले. चपला बाहेर काढून बसले, पाणी घेतलं. म्हणाले, सालईवाडीतली सहा लेकरं यंदा सोनाळ्याच्या खाजगी शाळेत टाकायचं लोक बोलतात, खोली नाही म्हणून. एकोणीसमधली सहा गेली की शाळा तेरावर येते. मग वरचे लोक शाळाच बंद करतील, आणि ज्यांच्याजवळ फीचे पैसे नाहीत त्यांच्या लेकरांनी नाला ओलांडून काटखेडला जायचं. एक पत्र लागते म्हणतात. तुमचं.

मी कॉम्प्युटरच्या चुकीबद्दल बोललो. सर्व्हरबद्दल बोललो. शासनाच्या धोरणावर वीस मिनिटं बोललो, खूप तळमळीने. पंजाबरावांनी सगळं ऐकलं. उठताना म्हणाले, "मले फक्त पत्राचं सांगा."

लोकांना धोरण समजत नाही.

२५ मार्च, बुधवार

मलिहाची नवोदयला निवड! आपल्या केंद्रातून नऊ वर्षांत पहिली. कापसाच्या खोलीत बसून. मी लगेच ग्रुपवर टाकलं, 'केंद्राच्या शिरपेचात मानाचा तुरा.' साहेबांचा अंगठा.

कौसर मॅडमना फोन केला. अभिनंदन केलं. त्या म्हणाल्या, "सर, पत्र."

फोन ठेवला मी. रेंज नव्हती म्हणून सांगेन.

२७ मार्च, शुक्रवार

अनुदान आलं! दहा महिन्यांनी! सोबत सूचना, ३१ तारखेच्या आत खर्च करा, नाहीतर परत. चार दिवसांत आठ शाळांनी कोटेशन मागवायची, बिलं घ्यायची, ऑनलाइन भरायचं, आणि साइट बंद. वर्षभर खडू नाहीत आणि आता खडूंचा डोंगर घ्या!

यावेळी साहेबांना खरंच फोन लावला. भाषण तोंडात तयार. दहा महिन्यांचं. साहेब म्हणाले, हिंमतराव, मी पण इथे तीन दिवस झोपलो नाही. आवाज रडवेला होता. मग मी म्हणालो, हो साहेब, काळजी घ्या.

तोच राग आता कुणाला द्यायचा? घरी आलो. शालूबाईवर ओरडलो, वरण पातळ म्हणून. ती म्हणाली, "भित तिनं नाही पाडली." तिनं म्हणजे कुणी, विचारलं. म्हणाली, "मॅडमनं. आन् म्या पण नाही."

रात्रभर… नाही, ते लिहीत नाही.

३० मार्च, सोमवार. सकाळी ७

ठरलं. आज सालईवाडीला जाऊन सगळ्या गावासमोर उभा राहणार. सांगणार, नोंद मी केली, अर्ज मी दाबला, सत्कार मी घेतला. लोक चवताळतील, शिव्या देतील. देऊ देत. मग मी सांगेन, की तरीही या व्यवस्थेत एका माणसाने उभं राहून चूक कबूल केली. पंजाबरावांचे डोळे भरून येतील. मॅडम काही बोलणार नाहीत, पण बघतील. भाषण चौदा मिनिटांचं. दोनदा म्हणून पाहिलं. शालूबाईने दाराआडून ऐकलं बहुधा. चहा न मागता आला.

३० मार्च. संध्याकाळी

सव्वानऊला पोचलो. कौसर मॅडम, पंजाबराव, फकीर मोहम्मद आणि पाच-सहा बाया फकीर मोहम्मदच्या ओट्यावर होत्या. तालुक्याला जायची जीप उभी होती. मी उभा राहून घसा साफ केला. म्हणालो, मला तुम्हा सगळ्यांना एक गोष्ट सांगायची आहे. ऑगस्टमधली ती नोंद…

पंजाबराव म्हणाले, "माहीत हाय ना हिंमतराव आमाले. तवापासूनच. सही करा लवकर, साडेदहाले साहेब निंगून जातीन."

पत्र टाइप केलेलं होतं. मॅडमनी सोनाळ्याहून काढून आणलेलं, तारखेची जागा सोडून. कागद जुना दिसत होता, घड्या पडलेल्या. विचारलं, कधी टाइप केलं? म्हणाल्या, फेब्रुवारीत. रोज पर्समध्ये होतं.

सगळं बरोबर लिहिलेलं. एकही कडक शब्द नाही. 'नोंद माझ्याकडून चुकीची झाली.' बस. माझं नाव, पद, केंद्र.

सही केली. कुणी रागावलं नाही. मी वाट बघत होतो. एका बाईने पाणी आणून दिलं.

जीपमध्ये जागा नव्हती. मॅडम म्हणाल्या, सर, दुसरं कुणी नाही, मुलांना आज तुम्हीच बघा. आणि गेले.

एकोणीस पोरं, मी, आणि फळा. वर्ग घेऊन अकरा वर्षं झाली. फळ्यावर तारीख लिहिली. मग काय, सुचेना. तिसरीला गणित घातलं, उत्तर माझंच चुकलं. मलिहाने मान खाली घालून पाटीवर बरोबर उत्तर लिहून दाखवलं. पहिलीच्या दोन पोरांनी भांडण काढलं, मी जोरात ओरडलो, आठ शाळांचे गुरुजी ज्या आवाजाला घाबरतात त्या आवाजात. पोरांनी एकदा बघितलं आणि पुन्हा भांडायला लागली.

चारला मॅडमचा फोन. पत्र घेतलं. पुरवणी यादीत नाव टाकलं. पैसे पुढच्या वर्षी, आले तर. तोवर फकीरभाईंची खोली. आणि सर, तुम्हाला कारणे दाखवा नोटीस निघेल म्हणाले साहेब, मनाची तयारी ठेवा. आवाजात आनंद नव्हता त्यांच्या. तेवढा तरी असायला हवा होता.

सहा लेकरांचं विचारलं. म्हणाल्या, पंजाबराव आज घरोघर जाऊन सांगणार आहेत. बघू.

ओरडावंसं वाटलं. तोंड उघडलं. समोर छकुली उभी होती, पहिलीतली, नाकाला शेंबूड, हातात पाटी.

"गुर्जी, मॅडम कवा येते?"

म्हणालो, येतील, तासाभरात.

ती जाऊन दारात बसली, माझ्याकडे पाठ करून, रस्त्याकडे बघत.